लाकडी बाण की कार्बनचे? आधी हातातलं धनुष्य बघा

पारंपरिक धनुष्यासाठी बाण घ्यायचे म्हटलं की बहुतेक जण बाणाच्या बाजूने विचार करतात. लाकूड अस्सल, कार्बन आधुनिक. मग ज्याला जे भावेल ते तो घेतो, आणि पुढचे सहा महिने बाण डावीकडेच का जातात म्हणून स्वतःचा हात दुरुस्त करत बसतो. माझं मत सरळ आहे. कोणता बाण चांगला हे धनुष्य ठरवतं. त्यानंतर तुम्ही कुठल्या जमिनीवर सराव करता ते बघायचं. आवडनिवड तिसरी.

मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते. साताऱ्यात धनुर्विद्या म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर प्रवीण जाधव आणि अदिती स्वामी येतात. सरडे गावचा प्रवीण टोकियो ऑलिंपिकला गेला. अदितीने २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडचं, म्हणजे चाकं लावलेल्या आधुनिक धनुष्याचं, जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही वयाच्या सतराव्या वर्षी. साहजिकच इथल्या मुलांना बाण म्हणजे काळी बारीक नळी एवढंच माहीत असतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने माझे बाण बघून विचारलं, "मॅडम, हे खरंच उडतात?" उडतात, आणि छान उडतात. पण कुठल्याही धनुष्यावरून नाही.

माझ्याकडे दोन धनुष्यं आहेत. एक बासष्ट इंची टेकडाउन रिकर्व्ह, म्हणजे सुटं करता येणारं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य, २८ इंचांच्या खेचीला ३५ पाउंडाचं (दोरी तेवढी ओढली की तेवढा जोर लागतो). माझी खेच २७ इंच, त्यामुळे माझ्या बोटांवर साधारण ३३ पाउंड येतात. दुसरा बांबूची पाठ लावलेला लाँगबो, म्हणजे साधं लांब धनुष्य, माझ्या खेचीला ३६ पाउंडांच्या आसपास. दोन्हींवर नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही. बाण थेट शेल्फवर, म्हणजे मुठीच्या वरच्या छोट्या कठड्यावर, किंवा मुठीवर टेकवायचा आणि सोडायचा. या दोन्हींवर मी दोन्ही प्रकारचे बाण भरपूर चालवले आहेत. कार्बनचे गोल्ड टिप ट्रॅडिशनल, ६०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा, त्याबद्दल पुढे), लाकडाच्या रेषांचा छाप असलेले. लाकडी बाण पाइनचे, एका लहान कारागिराने स्पाइन आणि वजन जुळवून दिलेला डझन.

बाण सुटतो तेव्हा तो काठीसारखा ताठ जात नाही. मागून नॉकला, म्हणजे दोरी बसते त्या शेपटाच्या खाचेला, जोरात धक्का बसतो, पुढचं जड टोक जडत्वामुळे जागचं हलायला वेळ घेतं, आणि मधला शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला वाकतो. क्लॅरन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे टिपून दाखवलं. बाण वळसा घालूनच धनुष्याच्या पुढे निघतो, मुठीला घासत नाही. रिकर्व्हची खिडकी, म्हणजे मुठीच्या वर बाणासाठी कापलेली जागा, मध्यरेषेपर्यंत किंवा तिच्याही पलीकडे कापलेली असते, म्हणून बाणाला वळसा थोडाच घ्यावा लागतो. लाँगबोला तशी खिडकी नसते, असली तरी नावापुरती. बाण मुठीच्या बाजूला टेकलेला असतो आणि दोरी त्याला मुठीच्या मध्याकडे ढकलत नेते. तिथे बाण जास्त वाकायला हवा. ताठ बाण उजव्या हाताने सोडणाऱ्याच्या डावीकडे पळतो, मऊ बाण उजवीकडे.

स्पाइन म्हणजे हा ताठपणा. इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण लाकडाचे आणि कार्बनचे आकडे उलटे चालतात. कार्बनवर ६०० लिहिलेलं असतं त्याचा अर्थ असा, की २८ इंचांवर ठेवलेल्या दोन आधारांवर शाफ्ट टेकवला आणि मध्ये ८८० ग्रॅम लटकवले तर तो ०.६०० इंच खाली येतो. आकडा मोठा तर बाण मऊ. लाकडाचं स्पाइन पाउंडात सांगतात. आधार २६ इंचांवर, वजन दोन पाउंड म्हणजे ९०७ ग्रॅम, आणि २६ ला आलेल्या झोलाने (इंचांत) भागायचं. तिथे आकडा मोठा तर बाण ताठ. दुकानदाराला "चाळीसचे द्या" म्हणताना आपण कुठल्या मापात बोलतोय हे सांगा, नाहीतर फोनवरच घोळ होतो.

लाकडाचं स्पाइन घरी मोजता येतं आणि ते मोजावंच. मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फळीवर २६ इंचांवर दोन खिळे ठोकले, पाठीमागे मिलिमीटरची पट्टी लावली आणि शाफ्टच्या मध्यावर हुकाला ९०७ ग्रॅम होतील एवढी वजनं अडकवली. चाळीस पाउंड स्पाइनचा शाफ्ट साडेसोळा मिलिमीटर झुकतो, पस्तीसचा जवळपास एकोणीस. या अडीच मिलिमीटरांत तुमचा बाण डावीकडे जाणार की मध्यभागी, हे ठरतं. मोजताना शाफ्ट आपल्या अक्षाभोवती पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. लाकूड सगळीकडून सारखं ताठ नसतं. वार्षिक वलयांच्या कडा ज्या बाजूला दिसतात त्या बाजूने ते जास्त ताठ असतं, आणि बाण लावताना तीच बाजू धनुष्याकडे यायला हवी. चांगला कारागीर नॉक त्या हिशेबानेच चिकटवतो. डझनातले दोन-तीन बाण उचलून नॉकची खाच आणि रेषांची दिशा पडताळा. प्रत्येकात वेगवेगळी असेल तर बाकी काही विचारू नका, डझन परत करा.

मला ज्या डझनाने समाधान दिलं तो असा जुळवलेला होता. त्याआधी ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला एक डझन मी सराफाच्या काट्यावर तोलून बघितला. हलका बाण २५ ग्रॅम, जड ३१. सोडणारा कितीही मुरलेला असो, असे बाण एका जागी बसणार नाहीत. धनुष्य दोघांना जवळपास सारखीच ऊर्जा देतं, म्हणजे जड बाण हळू जातो आणि वाटेत जास्त खाली येतो. ३० मीटरवर या सहा ग्रॅमांचा फरक वीतभराहून जास्त होतो. जुळवलेल्या डझनात सगळे बाण एका ग्रॅमच्या आत होते. लाकडी बाणात तुम्ही पैसे मोजता ते या निवडीचे. लाकूड तसं स्वस्तच असतं. शंभर शाफ्टांतून बारा जुळणारे काढणाऱ्याचा वेळ महाग असतो. त्यामुळे जुळवलेला लाकडी डझन आणि मध्यम दर्जाचा कार्बन डझन यांच्या किमतीत लोकांना वाटतं तेवढी तफावत नाही. "लाकडी म्हणजे स्वस्त" या हिशेबाने जाल तर न जुळवलेले बाण पदरात पडतील.

हार्डवेअरच्या दुकानातला लाकडी रूळ घेऊन बाण करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला माझा ठाम विरोध आहे. आमच्या गल्लीतले सुतारमामा असा एक रूळ उजेडात धरून म्हणाले, "ताई, ह्याचा रेषा बघा, इथून तिरका सुटलाय. जोर आला की इथंच फाटणार." रूळ काढताना लाकूड रेषेला धरून कापत नाहीत, यंत्रात येईल तसं कापतात. बाणाच्या शाफ्टमध्ये रेषा टोकापासून शेपटापर्यंत सलग गेली पाहिजे. ती मध्येच बाजूने बाहेर पडत असेल तर शाफ्ट तिथे तिरका चिरतो, आणि चिरलेला अणकुचीदार तुकडा धनुष्य धरलेल्या हाताकडे येतो. म्हणून चांगल्या शाफ्टवरसुद्धा वरच्या अंगाला दिसणाऱ्या रेषांची टोकं बाणाच्या अग्राकडे रोखलेली ठेवतात. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचा पोर्ट ऑरफर्ड सीडर बाणांसाठी इतका नावाजला, त्याचं कारण त्याची सरळ रेषा हेच. आपल्याकडे तो आयात करावा लागतो. नीट निवडलेल्या पाइनने किंवा स्प्रूसने माझं काही अडलं नाही.

आता धनुष्यांकडे येते.

रिकर्व्हवर कार्बनने लाकडाला मागे टाकलं, आणि मला त्यात जराही शंका नाही. पूर्ण लांबीचा ६०० स्पाइनचा शाफ्ट, पुढे १२५ ग्रेनचं, म्हणजे सुमारे आठ ग्रॅमचं टोक, मागे टर्कीची पाच इंची तीन पिसं. बाणाचं वजन २४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण ३७० ग्रेन. धनुष्याच्या एका पाउंडाला किती ग्रेन, हा हिशेब सगळे करतात. ८ च्या खाली जाऊ नये, मला १० च्या वर आवडतं. इथे तो ११ बसतो, धनुष्य शांत राहतं. पण खरी किंमत कळते ती सुटण्याची चूक शोधताना. बाराही बाण सारखेच आहेत हे पक्कं माहीत असल्यामुळे एखादा बाण भरकटला तर कारण बोटांत किंवा खांद्यात आहे हे लगेच कळतं. शिकणाऱ्याला याहून मोठी मदत नाही. शिवाय बाण जरा ताठ वाटला तर टोक जड करायचं, मऊ वाटला तर शाफ्ट पाव इंच कापायचा. टोकं स्क्रूची असल्याने १०० चं काढून १५० चं लावून बघणं एका मिनिटाचं काम. लाकडात टोक चिकटवलेलं असतं. ते गरम करून काढता येतं, पण मैदानावर उभ्या-उभ्या नाही.

लाँगबोवर मात्र तोच ६०० चा बाण सतत डावीकडे जायचा आणि जाताना मुठीला टक्क असा आवाज करायचा. त्याच्यासाठी ७०० किंवा त्याहून मऊ शाफ्ट आणि जड टोक असा जोड लावावा लागतो. तो लावला की कार्बनही सरळ जातो, हे मी करून पाहिलंय. तरीही पस्तीस पाउंड स्पाइनचा २८ ग्रॅमचा पाइनचा बाण याच लाँगबोवरून ज्या सहजतेने सुटतो ती कार्बनमध्ये मला मिळाली नाही. पाउंडाला १२ ग्रेन पडतात. सुटल्यावर मुठीत जो झटका बसतो तो जवळपास नाहीसा होतो आणि दोरीचा आवाज खाली बसतो. वेग कमी होतो हे खरं. पण मी वीस-पंचवीस मीटरवर बाण सोडते, तिथे मला वेगापेक्षा शांत मूठ हवी असते. ज्यांना पुढे स्पर्धेत उतरायचंय त्यांनी एक नियम आधीच लक्षात ठेवावा. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या थ्रीडी स्पर्धेत (प्राण्यांच्या प्रतिकृतींवर नेम धरायची स्पर्धा) लाँगबो गटात लाकडी शाफ्टच लागतो. त्यामुळे लाँगबो हेच तुमचं मुख्य धनुष्य असेल तर कार्बनवर सवय बसवून मग लाकडाकडे वळणं म्हणजे दुप्पट कष्ट.

पाऊस. साताऱ्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कपाटातली कागदाची चळतसुद्धा मऊ लागते. लाकडी बाण या चार महिन्यांत वाकतो, त्याला इलाज नाही. पण वाकलेला बाण म्हणजे वाया गेलेला बाण नव्हे. तो डोळ्याजवळ धरून लांबीच्या दिशेने बघायचा, कुठे पोट आलंय ते हेरायचं, तिथे तळहाताची टाच ठेवून हलकेच उलटा दाब द्यायचा. हट्टी असेल तर आधी तो भाग हाताने चोळून किंवा धगीवर जरा धरून गरम करायचा. दोन-चार मिनिटांत सरळ होतो. पावसाळ्यात मी बाण भात्यात कोपऱ्यात टेकवून ठेवत नाही, नॉकपाशी अडकवून उभे लटकवते. त्याने अर्धी वाकणूक टळते. बाणावरचं आवरण पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं मागा. लाखेचं पॉलिश दिसायला फार सुंदर, पण पाणी लागलं की पांढुरकं पडतं. कार्बनला यातलं काहीच करावं लागत नाही. तो एक तर सरळ असतो नाहीतर मोडलेला.

कार्बन म्हणजे पावसाची चिंता संपली, असं कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. शेल्फवरून सोडायच्या बाणाला पिसंच लागतात, प्लास्टिकची पाती शेल्फला आपटून बाणाला फेकून देतात. आणि पिसं ओली झाली की चपटी होतात, मग शाफ्ट कार्बनचा असो की लाकडाचा. घरी आल्यावर ती आधी वाळवायची आणि किटलीच्या वाफेवर धरायची. डोळ्यांदेखत पुन्हा फुलून उभी राहतात.

मोडण्याबद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण माझा निर्णय शेवटी याच मुद्द्यावर झाला. आपल्याकडची जमीन दगडाची. टार्गेट चुकून बाण काळ्या दगडावर आदळला की लाकडी बाण बहुतेक वेळा टोकाच्या लगेच मागे मोडतो. शाफ्ट मुळात लांब ठेवला असेल तर तेवढा भाग कापून पाच अंशांची शंकूसारखी निमुळती धार पुन्हा काढायची आणि टोक चिकटवायचं. त्यासाठी पेन्सिलच्या शार्पनरसारखं एक छोटं हत्यार मिळतं. कार्बन पहिल्या फटक्याला जास्त टिकतो, हे त्याचं मोठं बळ. पण त्याची इजा आतली असते. वरून धडधाकट दिसणाऱ्या नळीत बारीक चीर गेलेली असू शकते आणि तो बाण पुढच्या वेळी सुटतानाच फुटू शकतो. सुयांसारखे तंतू हातात घुसतात, ते काढणं डॉक्टरांनाही जड जातं. म्हणून दगडाला किंवा दुसऱ्या बाणाला लागलेला प्रत्येक कार्बन बाण दोन्ही हातांत धरून वाकवायचा, फिरवून पुन्हा वाकवायचा आणि कान द्यायचा. करकर ऐकू आली की तो बाण संपला. मुलं शेजारी सराव करत असतील तर ही तपासणी त्यांच्याकडून प्रत्येक फेरीनंतर करून घ्या. लाकडी बाणही तसाच वाकवून बघायचा असतो, फक्त लाकडाची चीर बहुधा डोळ्यांना दिसते.

आणि तुकड्यांचं काय? मी ज्या माळावर सराव करते तिथे सकाळी म्हशी चरायला येतात. लाकडी बाणाचा तुकडा राहिला तर टोक शोधून काढायचं, बाकीचं लाकूड मातीत जाईल. फुटलेल्या कार्बनचे काळे तंतू गवतात सापडत नाहीत आणि कुजतही नाहीत. ते गवताबरोबर जनावराच्या पोटात जाऊ शकतात. हा विचार एकदा मनात आल्यावर मी माळावर कार्बन वापरणं बंद केलं. माझ्या गुराख्या शेजाऱ्याने कधी तक्रार केली नव्हती, त्याला त्या काळ्या नळ्यांत काय असतं हे माहीतच नव्हतं. कार्बन मी आता फक्त मैदानावर वापरते, जिथे टार्गेटमागे जाळी आहे आणि चुकलेला बाण जाळीतच थांबतो. घरी शाफ्ट कापण्याबद्दलही हेच. कार्बनची धूळ फुप्फुसासाठी वाईट. करवतीने नाही, घासून कापणाऱ्या चक्रीने, तोंडावर चांगला मास्क लावून आणि उघड्यावर कापा. नाहीतर दुकानदाराला मोजलेली लांबी सांगून कापूनच मागवा, मी तेच करते. लाकूड तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावरही कापू शकता.

बांबूचं विचारतील म्हणून थोडक्यात. बांबूचे बाण मोडायला सर्वांत चिवट, आणि चांगला करणारा भेटला तर त्यांच्यासारखं काही नाही. भूतानमध्ये आजही पारंपरिक स्पर्धा त्यांच्यावर होतात, कोरियातले जुन्या पद्धतीचे बाण बांबूचेच. पण बांबू मुळातच एकीकडे जाड, एकीकडे बारीक, पेरं वेगवेगळ्या अंतरावर. त्यातून बारा जुळवायला मुरलेला हात लागतो. असा कारागीर तुमच्या ओळखीचा असेल तर लाकूड आणि कार्बन दोन्ही सोडून त्याच्याकडे जा.

तुमच्या हातात खिडकी कापलेलं रिकर्व्ह असेल, सराव जाळीच्या मैदानावर असेल आणि अजून खेच पक्की बसलेली नसेल तर कार्बन घ्या, पूर्ण लांबीचे, पिसांचे, आणि सोबत दोन वजनांची टोकं. लाँगबो असेल किंवा शेतात-माळावर बाण सोडत असाल तर जुळवलेले लाकडी घ्या, पण आपली खेच किती इंच आहे हे कुणाकडून तरी मोजून घेतल्यावरच. बाण त्या मापाहून इंच-दीड इंच लांब मागवा, पुढे टोक मोडलं तर कापायला जागा राहते. आणि ऑर्डर देताना विक्रेत्याला एवढंच विचारा: डझनात वजनाचा फरक किती ग्रॅमचा आणि स्पाइनचा किती पाउंडांचा? ज्याला आकडे सांगता येतात त्याने ते मोजलेले असतात. मी हल्ली दोन ग्रॅम आणि पाच पाउंडांच्या वरचा फरक असेल तर घेत नाही.